रविवारची जाहिरात

रविवारी सकाळी फोन आला आणि कुणी विचारलं, "आहेत का घरी?" की ती सांगायची, "नाहीत, जाहिरातीला गेलेत." पहिल्या वर्षी हे सांगताना तिला हसू आलं असेल, नाही असं नाही. पण शब्द सारखा तोंडात राहिला की त्याची चव जाते. आता 'जाहिरातीला गेलेत' हे 'बँकेत गेलेत'सारखंच झालं होतं.

जाहिरातीला म्हणजे मोटारींच्या शर्यतीला.

तिच्या नवऱ्याचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे कामाची खोली आणि त्याच्यामागे पत्र्याचं छप्पर टाकलेलं अंगण. वाण्यांचे, औषधवाल्यांचे, कुरिअरवाल्यांचे काटे तिथं यायचे. कधी दवाखान्यातला बाळं तोलायचा काटा यायचा, कधी सोनाराचा काचेच्या पेटीतला. कामाच्या खोलीत मखमलीचं अस्तर लावलेल्या पेटीत प्रमाणित वजनं असायची. ती वजनं तो कधीही उघड्या हातानं उचलत नसे. बोटांचं तेल लागलं तरी वजन चुकतं, असं त्याचं म्हणणं. म्हणणं कसलं, ते खरंच चुकतं. कुणी सहज बोलून गेलं, "अर्धा किलो असेल," की हा विचारणार, "कुठल्या काट्यावर?" लग्नानंतर सुरुवातीला तिला याची गंमत वाटली, मग ते डोक्यात जायला लागलं आणि पुढे ते ऐकूच येईनासं झालं.

एरवी हा माणूस म्हणजे तोंडाला कुलूप. पण रविवारची गोष्ट वेगळी होती. गावाबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती. तिथं विमानं येणं केव्हाच थांबलं होतं. आता टायरांच्या ओळी लावून वळणं केली होती आणि हौशी लोक आपापल्या जुन्या गाड्या तिथं पळवायचे. ह्याची गाडी म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेली छोटी मोटार. आतलं सगळं काढून टाकलेलं, उरली होती ती एक खुर्ची आणि तिच्याभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा. जिंकण्याच्या भानगडीत तो नव्हताच. शेवटून तिसरा, शेवटून चौथा, असा त्याचा नंबर ठरलेला. शर्यतीआधी तो दुकानातले चार चपटे काटे काढायचा, ज्याला हवं त्याच्या गाडीच्या चारही चाकांखाली ते सरकवायचा आणि कुठल्या चाकावर किती भार पडतोय ते सांगायचा. तेही फुकट. तिथले लोक त्याला 'ग्रॅम' म्हणायचे. "ग्रॅमभाऊ, आमच्या म्हशीला जरा बघा," म्हणत एखादा आपली गाडी ढकलत आणायचा.

संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा नाक उन्हानं लाल झालेलं असायचं, कपड्यांना रबराचा वास यायचा आणि बूट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात. "अगं, तिसऱ्या वळणावर आज मागचं डावं चाक असं सुटलं म्हणतेस." ती काहीच म्हणत नसे, पण तो 'म्हणतेस' म्हणायचा. ती वाढायची, मुलगी मोबाइलमधून मान वर काढायची आणि तासभर त्या घरात कुणीतरी जागं आहे असं वाटायचं.

खरं तर पहिल्या वर्षी ती चिडली होती. टायर, प्रवेश फी, हेल्मेट, पुन्हा टायर. दुकानाचा हिशेब तीच ठेवायची, त्यामुळे हे सगळं तिच्या हाताखालून जायचं. मग एके दिवशी त्यानं गाडीच्या दारावर दुकानाचं नाव चिकटवलं. तिनं त्या पावत्या उचलून 'जाहिरात' या सदरात टाकल्या, जिथं पाटी रंगवणाऱ्याचं बिल असायचं. खोटं काही नव्हतं. नाव गाडीवर होतं आणि गाडी चारचौघांत फिरत होती. पावत्यांना जागा मिळाली तशी तिच्या रागालाही मिळाली. तो तिथं जाऊन बसला आणि पुन्हा उठला नाही. तिच्या बऱ्याच गोष्टींचं असंच व्हायचं.

आणि मग कर कार्यालयाची नोटीस आली. मागच्या तीन वर्षांच्या जाहिरात खर्चाचा खुलासा करावा. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या दुकानाला शर्यतीच्या टायरांची गरज काय, असं त्यात लिहिलेलं नव्हतं, पण वाचताना तसंच ऐकू येत होतं.

तिचा मामेभाऊ करसल्लागार होता. तिच्याहून लहान, तिला ताई म्हणायचा आणि बोलायचा मात्र आजोबांसारखा. तो दुकानात आला, नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाला, "गाडी दाखवा."

अंगणात गाडीवर चादर टाकलेली होती. नवऱ्यानं चादर काढली, घडी केली आणि बाजूला ठेवली. मामेभाऊ गाडीभोवती फिरला, मग पुन्हा एकदा फिरला.

"भाऊजी, नाव कुठंय?"

"हे काय." दाराच्या कडीखाली तळहाताएवढं स्टिकर होतं.

मामेभाऊ वाकला. "हे? मला वाटलं सर्व्हिसिंगची तारीख आहे. तीन वर्षं ही जाहिरात चाललीय?"

"मोठं केलं तर वजन वाढतं," नवरा म्हणाला. "पूर्ण दारभर लावलं तर दोन्ही बाजू मिळून चारशे ग्रॅमच्या आसपास. मी आधी मोठंच आणलं होतं. मग कापत कापत..."

"कापलंत?"

"ब्लेडनं. आणि हे उजवीकडे आहे ना, तर डावीकडे तेवढ्याच वजनाची पट्टी आतून लावलीय. नाहीतर तोल..."

"भाऊजी," मामेभाऊ कपाळ दाबत म्हणाला, "हे तिथं बोलायचं नाही."

मग तिघं कामाच्या खोलीत बसले आणि मामेभावानं सगळं उलगडून सांगितलं. धंद्यासाठी केलेला खर्च असेल तर वजावट मिळते. स्वतःच्या मौजेसाठी केलेला असेल तर मिळत नाही, मग गाडीवर नाव असो की फोटो. वजावट नाकारली तर तीन वर्षांचा कर, वर दंड. तेवढे पैसे कुठून उभे राहणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. "म्हणजे सगळ्यात आधी गाडी जाणार," तो म्हणाला.

नवऱ्यानं अंगणाच्या दाराकडे बघितलं. एखाद्या माणसाबद्दल बोलणं चालू आहे आणि तो माणूस शेजारच्या खोलीतच आहे, तसं.

"त्यांना नेमकं काय हवंय?" तिनं विचारलं.

"यांना मजा येत नाही, हे."

"पण येते," नवरा म्हणाला.

"ते कळतंय हो. गाडी म्हटलं की तुमच्या चेहऱ्यावर दिवाबत्ती होते. ते सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंच्या समोर झालं की संपलं. मी खोटं बोला म्हणत नाही. तिकडून गिऱ्हाइकं आली ना?"

आली होती. बेकरीवाला आला होता, गुरांचा डॉक्टर आला होता आणि एका गोदामाचं वर्षाचं काम मिळालं होतं.

"मग तेवढंच सांगा. फक्त चेहरा सांभाळा. सुनावणीला वेळ आहे. तालीम करा."

तालीम सुरू झाली. दुपारी शटर अर्धं खाली ओढून नवरा, ती आणि मुलगी मागच्या खोलीत बसायची. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं आईचा चष्मा नाकावर ठेवला आणि ती अधिकारी झाली.

"नाव?"

"तुला माहीत आहे की."

"बाबा, मी सरकार आहे. नीट बोला. हं, तर तुम्ही रविवारी काय करता?"

"दुकानाच्या जाहिरातीसाठी शर्यतीत भाग घेतो."

"शर्यत म्हणजे काय असतं?"

"म्हणजे बघ, सुरुवातीला सरळ रस्ता असतो, तिथं काही विशेष नाही, पण तिसऱ्या वळणाला तू ब्रेक जरा उशिरा..."

"भुवया," मुलगी म्हणाली. "भुवया वर गेल्या. दंड."

पहिले काही दिवस हसण्यातच गेले. मुलगी दंड लावायची, तो गप्प बसायचा, मग पुन्हा त्याच ठिकाणी भुवया वर. "बाबा, तुमचा चेहरा म्हणजे इलेक्ट्रॉनिक काटा आहे. काही ठेवलं की लगेच आकडा." त्याला ते आवडलं. "इलेक्ट्रॉनिक काट्यालासुद्धा थोडा वेळ लागतो," तो म्हणाला.

उपाय शेवटी आईनंच काढला. ती बाजूला बसून बघत होती. तिच्या लक्षात आलं की उजेड सगळ्या वाक्यांवर नाही, काही ठराविक शब्दांवर पडतो. वळण. टायर. पकड. 'सुटलं' हा शब्द तर सगळ्यात वाईट. बाकी वाक्य बिनचूक जायचं आणि त्या शब्दाशी येऊन तोंड फुलायचं.

"तेवढेच शब्द म्हणा," ती म्हणाली. "मागचंपुढचं नको. वळण."

"वळण."

"पुन्हा."

"वळण. वळण." तो थांबला. "अगं, डोळ्यांपुढे येतंच ते."

"येऊ द्या. मी करते तसं करा."

"तू काय करतेस?"

"शब्द तोंडानं म्हणायचा. त्याच्या आत जायचं नाही. बाहेरूनच पुढे निघायचं."

मुलीनं चष्मा काढला. नवऱ्यानं बायकोकडे बघितलं, काट्यावर भलताच आकडा आला की बघायचा तसं. "हे कधीपासून?" त्यानं विचारलं.

तिनं खरंच आठवून बघितलं. तारीख अशी सापडली नाही. तिच्या वडिलांच्या आजारपणात असेल, किंवा त्याच्याही आधी, कधीतरी दुकान, घर आणि दवाखाना एकाच दिवसात बसवताना. "चला, पुढचा," ती म्हणाली. "टायर."

"टायर," तो म्हणाला.

तो शिकायला चिवट होता. काटा बिघडला तर स्क्रू किती फिरवायचा हे कळेपर्यंत तो हात काढत नसे, तसंच त्यानं स्वतःला धरलं. दाढी करताना म्हणायचा, शटर वर करताना म्हणायचा. दुसऱ्या आठवड्यात भुवया जागच्या जागी राहायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात आवाजही सपाट झाला. मुलीनं प्रश्न विचारला, "गाडी चालवताना तुम्हाला काय वाटतं?" त्यानं उत्तर दिलं, "कामाचा दिवस असतो." मुलीनं चष्मा नाकावरून उतरवला. मग तो आईच्या हातात देत म्हणाली, "मला नको. तूच विचार."

मग तीच विचारायची. दोघांचा जम चांगला बसला. इतक्या वर्षांत त्या दोघांनी रोज समोरासमोर बसून काही केलं नव्हतं.

सुनावणीची खोली लहान होती. फायलींचे गठ्ठे, खिडकीत एका बाटलीत वाढवलेलं रोप आणि टेबलामागे सर्दी झालेल्या अधिकारी बाई. त्यांना बोलायचा कंटाळा आला होता, पण काम त्या नीट करत होत्या. मामेभावानं गिऱ्हाइकांची पत्रं पुढे ठेवली. बेकरीवाला, डॉक्टर, गोदाम. बाईंनी प्रत्येक पत्र वाचलं आणि तारखा ताडून पाहिल्या.

"म्हणजे ओळखी तिथं झाल्या, हे धरू," त्या म्हणाल्या. "पण ओळखी तर लग्नातही होतात. मग मी लग्नाच्या कपड्यांची वजावट द्यायची का?"

"नाही, मॅडम," मामेभाऊ म्हणाला.

बाईंनी गाडीचा फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग नवऱ्याला विचारलं, "जाहिरात करायची होती तर नाव एवढं लहान का?"

याचं उत्तर मामेभावानं पाठ करून घेतलं होतं: सुरुवातीला प्रयोग म्हणून लहान लावलं, पुढे मोठं करायचा विचार आहे. तिनं खुर्चीची कड घट्ट धरली. इथं तो घसरणार. इथं चारशे ग्रॅम येणार, ब्लेड येणार, आतली पट्टी येणार. गेली पंचवीस वर्षं ती ज्या माणसाला ओळखत होती, तो या प्रश्नाला दुसरं उत्तर देऊच शकत नव्हता.

"लहान स्टिकर स्वस्त पडतं," तो म्हणाला.

हे उत्तर तालमीतलंही नव्हतं. मोठं स्टिकर विकत आणून त्यातलं बरंचसं कापून टाकलेलं तिनं स्वतः बघितलं होतं. सहज, पाणी पिता पिता बोलावं तसं त्यानं ते म्हटलं. बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

"आणि तुम्हाला मजा येते का? खरं सांगा, मी काही खाणार नाही तुम्हाला."

"कामाचा दिवस असतो," तो म्हणाला. "पहाटे उठायचं, गाडी ट्रेलरवर चढवायची, दिवसभर ऊन. दुकान बंद असतं त्या दिवशी करावं लागतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं, नाक पुसलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "माझ्या नवऱ्याला मासे पकडायचा नाद आहे," त्या म्हणाल्या. "गळ म्हटलं की त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. इथं येणारे बरेच जण तसलेच असतात. कुणाची बोट, कुणाचा घोडा. विचारलं की सुरूच होतात. तुमचं तसं दिसत नाही."

"नाही, मॅडम," तो म्हणाला.

आदेश आला तो त्यांच्या बाजूनं. हेल्मेट आणि बूट सोडून बाकी वजावट मान्य. मात्र यापुढे गाडीवर नाव ठळक असावं आणि दर खेपेला किती लोकांशी संपर्क झाला याची नोंद ठेवावी, अशी सूचना होती. तिचा जीव भांड्यात पडला, निदान पडायला हवा होता तिथं तिनं तो पडलाय असं धरलं. मामेभाऊ आइस्क्रीम घेऊन आला. "भाऊजी, नाटकात जायला हवं होतं तुम्ही," तो म्हणाला. "आता झालं गेलं. हसा आता."

नवरा हसला. आइस्क्रीमबद्दल चांगलंय म्हणाला.

पुढच्या रविवारी तो गेला आणि उजेडी परत आला. गाडी अंगणात लावली, हातपाय धुतले, बूट जागेवर ठेवले आणि जेवायला बसला. ती वाट बघत होती. मुलगीही मोबाइल उपडा ठेवून बसली होती.

"कसं झालं?" शेवटी तिनं विचारलं.

"दुकानाची कार्डं बरीच गेली. एक जण पीठगिरणीच्या काट्याबद्दल विचारत होता. नंबर घेतलाय."

"आणि गाडी?"

"बरी चालली."

"बाबा, तिसरं वळण?" मुलगी म्हणाली.

"आहे की," तो म्हणाला आणि आमटी मागितली.

दमला असेल, असं तिनं ठरवलं. त्याच्या पुढच्या रविवारी उन्हावर ढकललं. पण हळूहळू ढकलायला काही उरेना. दुकानात तो होता तसाच होता. वजनं चिमट्यानंच उचलायचा, कुणी अर्धा किलो म्हटलं की कुठल्या काट्यावर ते विचारायचा. फक्त त्या एका बाजूचा आवाज गेला होता. एका रविवारी तर तो सहावा आला, आजवरचा सगळ्यात चांगला नंबर. हे त्यानं कार्डांचा हिशेब सांगून झाल्यावर, हात पुसता पुसता सांगितलं.

"सहावे? अहो, कसे काय?"

"काही नाही. पुढच्यांच्या गाड्या बंद पडल्या दोन. आणि मी ब्रेक लवकर मारतो हल्ली. बरं पडतं."

मग एका दुपारी, दुकानात दोघंच असताना तो म्हणाला, "गाडी विकून टाकू."

ती बिलं लावत होती. तिनं हातातलं बिल खाली ठेवलं. "का?"

"गरज काय तिची? रविवारी घरी बसता येईल."

"तुम्हाला आवडत नाही आता?"

त्यानं पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणून समोरचा काटा समतल केला, मग विचार केला. प्रश्न साधा होता आणि तो उत्तर शोधत होता, हे तिला दिसत होतं. "आवडायची, हे आठवतं," तो म्हणाला. "कशी, ते येत नाही. तू म्हणालीस ना, बाहेरून पुढे जायचं. तर मी जातो पुढे. परत कसं यायचं?"

तिनं उरलेली बिलं फाइलला लावली.

दुसऱ्या दिवशी ती मामेभावाकडे गेली. त्याच्या टेबलावर इतक्या फायली होत्या की त्याचं फक्त डोकं दिसत होतं. तिनं सांगितलं, गाडी विकायची आहे.

"वेडी आहेस का ताई? आत्ता?"

"का, काय झालं?"

"अगं, आपण लिहून दिलंय की ही गाडी धंद्याला गरजेची आहे. गिऱ्हाइकं आणते. आदेशाची शाई वाळतेय आणि तुम्ही ती विकणार? ते म्हणणार, हौस फिटली म्हणून विकली. म्हणजे हौस होती."

"बरं, विकत नाही. पण यापुढे खर्च घरातून करू. छंद म्हणून. वजावट नको."

"म्हणजे यंदा छंद आणि गेली तीन वर्षं धंदा? तीच गाडी, तोच माणूस, तोच रविवार? हे आपण आपल्या हातानं कबूल केल्यासारखं होईल. सगळं पुन्हा उघडतील." त्यानं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. "आणखी दोन वर्षं गप चालू दे. कार्डं वाटा, नोंदी ठेवा. एवढी काय घाई? भाऊजींना आवडतं ना? मग त्यांना काय, फुकटात ऐश."

"आवडायचं," ती म्हणाली.

मामेभाऊ हसला. "चला, तालीम अजून चालूच आहे म्हणायची. पक्के आहात दोघं."

ती पाणी प्यायली. त्याला समजावून सांगावं असं तिला वाटलं, निदान वाटायला हवं हे कळलं. पण काय सांगणार? नवरा धडधाकट आहे, कामावर जातो, जेवतो. गाडी वाचली. दंड टळला. तक्रार कशाची, असं कुणी विचारलं असतं तर तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. ती घरी आली आणि तिनं नवऱ्याला सांगितलं की अजून दोन वर्षं विकता येणार नाही.

"असं होय," तो म्हणाला. "बरं."

पुढच्या रविवारी गजर वाजला तेव्हा तो जागाच होता, भिंतीकडे तोंड करून.

"उठा," ती म्हणाली.

"आज नाही गेलो तर?"

"नोंदीत खाडा दिसेल." मग ती म्हणाली, "मी येते बरोबर."

इतक्या वर्षांत ती एकदाही तिथं गेली नव्हती. त्यानं फार काही विचारलं नाही. दोघांनी मिळून गाडी ट्रेलरवर चढवली. आता दोन्ही दारांवर दुकानाचं नाव लांबून दिसेल एवढं होतं, लाल अक्षरांत, खाली फोन नंबर. डावीकडची आतली पट्टी त्यानं काढून टाकली होती, असं त्यानं वाटेत सांगितलं. दोन्ही बाजू आता सारख्याच होत्या.

धावपट्टीवर वारा होता. लोक खुर्च्या, छत्र्या, डबे घेऊन आले होते. एक जण इंजिनात डोकं घालून शिव्या देत होता आणि त्याची बायको त्याला पान्हे चुकीच्या क्रमानं देत होती, मुद्दाम. दोघं हसत होती. "ग्रॅमभाऊ, जरा बघा हो," एकानं गाडी ढकलत आणली. नवऱ्यानं चार काटे मांडले, चाकं चढवली, आकडे वाचून दाखवले, मागच्या उजव्या बाजूला भार जास्त आहे म्हणून सांगितलं आणि एक कार्ड दिलं. "हे काय नवीन?" तो माणूस म्हणाला. "आम्हाला नंबर पाठ आहे की तुमचा." तरी त्यानं कार्ड खिशात टाकलं.

शर्यत सुरू झाली तेव्हा ती टायरांच्या भिंतीमागे उभी होती. गाड्या आवाज करत समोरून जायच्या आणि लांब गोल फिरून परत यायच्या. तिनं शेजारच्या बाईला विचारलं, तिसरं वळण कुठलं. बाईनं बोट दाखवलं. तिथं एक पिंप होतं, पांढरं रंगवलेलं, आणि रस्ता डावीकडे वळत होता. ती तिथं बघत राहिली. बहुतेक गाड्या तिथं किंचाळायच्या, मागून जरा तिरक्या व्हायच्या आणि मग सावरायच्या. बघणारे 'ओ' करायचे. लाल अक्षरांची गाडी आली, आधीच हळू झाली आणि रिक्षा वळावी तशी वळून पुढे गेली.

"तो तुमचाच का?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"हो."

"सांभाळून चालवतात हो."

"हो," ती म्हणाली.

तो आठवा आला. गाडी लावून, हेल्मेट काखेत धरून तो तिच्याकडे आला. केस डोक्याला चिकटले होते. तिच्या मनात होतं की काहीतरी विचारावं, आणि तिनं एकदोन वाक्यं जुळवूनही बघितली. चाकाचं कसं झालं, असं काहीतरी. पण विचारण्याआधीच ती त्या वाक्यांच्या बाहेरून पुढे निघून गेली होती.

"कार्डं उरलीत का?" त्यानं विचारलं.

तिनं पर्स उघडून बघितलं. "आहेत थोडी."

"त्या बाजूला छत्र्यांखाली बरीच माणसं बसलीत. तिकडे जाऊ."

तिनं अर्धी कार्डं त्याला दिली, अर्धी स्वतःकडे ठेवली, आणि दोघं तिकडे निघाली.